इंग्रजी वाक्यात शब्द कुठे ठेवायचा, हे मराठीतून शिकवा

मा. संपादक यांस,

स.न.

इंग्रजी कितवीपासून, हिंदी कितवीपासून, सेमी इंग्लिश असावं की नसावं यावर आपल्या पेपरात भरपूर छापून येतं आणि ते यायलाच हवं, 2025 मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलंय. पण कितवीपासून या प्रश्नावर जेवढं बोललं जातं त्याच्या पाव हिस्साही कसं शिकवायचं यावर बोललं जात नाही. मराठी माध्यमाच्या शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकत आलेलं असतं. आणि खरं सांगते, या मुलांना शब्द पुष्कळ येतात. मोबाईल, क्रिकेट, जाहिराती, गेम, कुठून कुठून गोळा करतात आणि स्पेलिंगसुद्धा पूर्वीच्या मानाने बरं असतं. घोडं अडतं ते वाक्यात. पाच शब्द माहीत असतात पण त्यातला आधी कुठला आणि मागाहून कुठला हे कळत नाही आणि मग मूल गप्प बसतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते, आणि हे पत्र या एकाच गोष्टीवर आहे, शब्दांच्या क्रमावर.

नववीतल्या एका मुलीच्या वहीतलं वाक्य जसंच्या तसं देते. मराठी वाक्य होतं "सरांनी सीमाला वही दिली" आणि तिने लिहिलं "सर सीमा नोटबुक गेव्ह". बहुतेक ठिकाणी यावर लाल रेघ मारली जाईल आणि शेजारी बरोबर वाक्य लिहून दिलं जाईल, संपलं. पण हे वाक्य जरा नीट बघा. या मुलीला सर, सीमा, नोटबुक, गेव्ह हे चारही शब्द येतात, भूतकाळसुद्धा बरोबर आहे, गिव्हचं गेव्ह केलंय. तिने काय केलं, तर मराठीचा क्रम तसाच ठेवला आणि "नी" आणि "ला" हे दोन प्रत्यय गळून पडू दिले, कारण ते इंग्रजीत लावायचे कुठे हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. आता त्या वाक्यात कोणी कोणाला दिलं हे कळायला काही म्हणजे काहीच उरलं नाही. मराठीत जे काम "नी" आणि "ला" करत होते ते इंग्रजीत जागा करते, एवढी एक गोष्ट तिला माहीत असती तर ते वाक्य चुकलं नसतं.

आपल्याकडे बिबट्याच्या बातम्या रोजच्या झाल्यात म्हणून वर्गात मी तेच वाक्य घेते. बिबट्याने कुत्र्याला मारलं. आता हे तीन शब्द कसेही फिरवा, कुत्र्याला बिबट्याने मारलं, मारलं बिबट्याने कुत्र्याला, कुत्र्याला मारलं बिबट्याने, सहाच्या सहा क्रमांत मेला कुत्राच. इंग्रजीत "द लेपर्ड किल्ड द डॉग" आणि यातले दोन शब्द जागेवरून हलवले की "द डॉग किल्ड द लेपर्ड", बातमीच उलटी झाली, बिबट्या मेला. मुलं हसतात आणि हसता हसता त्यांना मुद्दा कळतो. मराठी शब्दाच्या हातात स्वतःचं तिकीट असतं, तो एसटीत कुठेही बसला तरी कंडक्टर त्याला ओळखतो. इंग्रजी शब्दाकडे तिकीट नाही, फक्त सीट नंबर आहे, एक नंबरवर बसला तो करणारा, दोन नंबरवर क्रिया, तीन नंबरवर ज्याला केलं तो. सीट बदलली की माणूस बदलला.

हे एकदा समजलं की मुलांच्या बऱ्याच चुका एकाच कारणाच्या आहेत हे दिसायला लागतं. "इज रेनिंग" लिहितात, कारण मराठीत कर्ता गाळला तरी चालतं, "जेवलास का?" "हो, जेवलो" यात तू नाही आणि मी नाही, क्रियापदाच्या शेपटीतच सगळं आलं. इंग्रजीत एक नंबरची सीट रिकामी सोडता येत नाही, तिथे बसवायला कोणी नसेल तर "इट" बसवायचा नाहीतर "देअर" बसवायचा, इट इज रेनिंग, देअर इज नोबडी अ‍ॅट होम. मुलं विचारतात की मॅडम हा इट म्हणजे कोण, पाऊस का? नाही रे बाबा, कोणीच नाही, जागा धरून ठेवलीय फक्त.

किंवा "मला आंबा आवडतो" घ्या. मराठीत इथे क्रियापद आंब्याकडे बघतं, आंबा आवडतो, कैरी आवडते, बोरं आवडतात. "मीनाने पोळी खाल्ली" यातसुद्धा खाल्ली ही पोळीमुळे आहे, मीनाऐवजी राजू जेवायला बसला तरी पोळी खाल्लीच. इंग्रजीत क्रियापद तीन नंबरकडे ढुंकून बघत नाही, एक नंबरला कोण आहे तेवढंच बघतं. राजू लाइक्स मँगोज, आंबे कितीही असले तरी लाइक्सचा एस राजूमुळे. आता गंमत अशी की कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग मुलं मराठीच्या तासाला शिकलेली असतात. विभक्तीचा तक्तासुद्धा पाठ असतो, स ला ते, स ला ना ते, ने ए शी, ऊन हून, धडाधडा म्हणून दाखवतात. पण तो तक्ता मराठीच्या वहीत राहतो आणि इंग्रजीचं पुस्तक वेगळ्या तासाला उघडतं, दोन्हींची गाठ कोणी घालूनच देत नाही. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. ही गाठ घालून द्या.

आणि इंग्रजीलासुद्धा एके काळी असले प्रत्यय होते हे मुलांना सांगितलं की त्यांना फार बरं वाटतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत राजा कर्ता असला तर "से क्यूनिंग" म्हणायचे आणि राजा कर्म असला तर "थोने क्यूनिंग", म्हणजे राजा वाक्यात कुठेही असला तरी त्याने मारलं की त्याला मारलं हे कळायचं, आपल्यासारखंच. त्या भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर असायचा त्यामुळे शेवटची अक्षरं हळूहळू गिळली जायला लागली, उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांशी रोजचा व्यवहार सुरू झाला त्यात ती अजून झिजली, पुढे 1066 मध्ये नॉर्मन आले आणि दरबारात फ्रेंच बसली, आणि पंधराव्या शतकापर्यंत बहुतेक प्रत्यय गेलेच. ही-हिम, दे-देम अशी थोडी रूपं तेवढी शिल्लक आहेत. प्रत्यय गेल्यावर कोण कोणाला हे सांगायला दुसरं काहीतरी हवंच, ते काम क्रमाने उचललं. म्हणजे इंग्रजीचा क्रम कडक आहे तो कोणा व्याकरणवाल्याने नियम केला म्हणून नाही, त्याच्याशिवाय वाक्याचा अर्थच लागणार नाही म्हणून. नियम पाठ करायचा आणि कारण समजून घ्यायचं यात फरक आहे आणि मुलांना तो लगेच कळतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. मराठी आणि इंग्रजीचा क्रम नुसता वेगळा नाही, तो बऱ्याच ठिकाणी बरोब्बर उलटा आहे, आणि उलटा असणं हे वेगळं असण्यापेक्षा शिकायला कितीतरी सोपं. फळ्यावर एक वाक्य लिहा.

मी काल बसने नाशिकला गेलो.

"मी" जागेवर राहू द्या आणि बाकीचं शेवटाकडून वाचत या, गेलो, नाशिकला, बसने, काल. आय वेंट टू नाशिक बाय बस यस्टरडे. झालं वाक्य. पुस्तकात नियम दिलेला असतो की स्थळ आधी आणि काळ नंतर, मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. पण हा नियम वेगळा पाठ करायची गरजच नाही, मराठीत आपण सहज बोलताना काल आधी आणि नाशिक क्रियापदाजवळ ठेवतो, ते उलटं केलं की नाशिक आधी आणि यस्टरडे शेवटी आपोआप येतं.

दुसरं घ्या, "काल दुकानात भेटलेला माणूस". शेवटाकडून, माणूस, भेटलेला, दुकानात, काल. द मॅन आय मेट इन द शॉप यस्टरडे. यात "आय" तेवढा नवीन आला कारण मराठीत कोणाला भेटलेला हे सांगितलेलं नाही, तो मेटच्या आधी बसवावा लागतो, एक नंबरची सीट रिकामी नको म्हणून. आणि अजून एक, हे मुलांचं सगळ्यात आवडतं आहे, "आमच्या गावातल्या शाळेच्या ऑफिसातल्या कपाटातली फाईल". एवढं लांबलचक बघून मुलं आधी घाबरतात. शेवटाकडून सुरू करा. द फाईल, इन द कबर्ड, इन द ऑफिस, ऑफ द स्कूल, इन अवर व्हिलेज. मराठीत "त" शब्दाच्या मागे चिकटतो, इंग्रजीत "इन" शब्दाच्या पुढे उभा राहतो, म्हणजे प्रत्ययसुद्धा उलटा झाला. फक्त "आमचं गाव" उलटं होत नाही, ते अवर व्हिलेजच राहतं, कारण आमचं, मोठं, लाल, जुनं असले शब्द दोन्ही भाषांत नामाच्या आधीच येतात. हे मी सांगायच्या आधी एका मुलाने वर्गात शोधून काढलं होतं, मॅडम बाकी सगळं उलटं झालं पण आमचं गाव तसंच का राहिलं म्हणून. असा प्रश्न दहा गाइडं पाठ करून पडत नाही.

हे काही माझं डोकं नाही. जोसेफ ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञांनी 1963 मध्ये तीस भाषांचा क्रम शेजारी शेजारी ठेवून दाखवलं होतं की ज्या भाषेत क्रियापद शेवटी असतं तिथे "वर", "खाली", "मध्ये" हे शब्दसुद्धा सहसा नामाच्या मागे येतात. त्यांच्या तीस भाषांत हिंदी होती, कन्नड होती, जपानी आणि तुर्की होती. मराठी त्या यादीत नव्हती पण आपला नमुना तोच आहे. आणि जगातल्या भाषा मोजल्या तर क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषाच सगळ्यात जास्त भरतात, तेव्हा आपण उलटं बोलतो असं मुलांनी मनात धरायचं काही कारण नाही. हे मुद्दाम लिहिते कारण आमच्या मुलांच्या मनात हे पक्कं बसलेलं असतं की मराठीत विचार केला म्हणून इंग्रजी चुकलं. अमेरिकेत वाढलेली आपली मराठी मुलं सुट्टीत आली की "मी खातो पोळी भाजीबरोबर", "मी जाते शाळेला बसने" असं बोलतात, त्यांचं गणित दुसऱ्या बाजूने उलटं होतं, एवढंच.

उलटं करायची ही युक्ती सगळीकडे चालत नाही हेही लगेच सांगायला हवं, नाहीतर अजून एक घोकंपट्टी सुरू होईल. प्रश्न आला की ती थांबते. मराठीत "तो कुठे चाललाय?" हा प्रश्न आणि "तो कुठे चाललाय मला माहीत नाही" हे विधान, दोन्हींत "तो कुठे चाललाय" अगदी तसंच. इंग्रजीत प्रश्न खरोखर विचारायचा असेल तरच "व्हेअर इज ही गोइंग", आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की "आय डोंट नो व्हेअर ही इज गोइंग". आपल्याकडे दोन्हींकडून चूक होते. शाळेतली मुलं "व्हेअर यू आर गोइंग?" म्हणतात आणि शिकलेली नोकरीतली माणसं, इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेली, अगदी मीटिंगमध्ये बोलणारी, "कॅन यू टेल मी व्हेअर इज द ऑफिस" म्हणतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त पसरलेली आहे कारण ती चूक आहे हेच कोणाला जाणवत नाही. कॅन यू टेल मी इथेच प्रश्न विचारून झाला, आता पुढे इज ला उडी मारायचं काम उरलं नाही, व्हेअर द ऑफिस इज. मी मुलांना एवढंच सांगते की एका वाक्यात उडी एकदाच.

आणि याच उडीवरून मला दहावीच्या व्याकरणाबद्दल बोलायचंय. "नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्या मुलाला येत नाही सांगा. अ‍ॅज सून अ‍ॅजचं नो सूनर करा, नो सूनरचं हार्डली करा, हे रूपांतर वर्षानुवर्षं घोटून घेतलं जातं आणि मार्क मिळतात. त्यातला "डिड" कर्त्याच्या आधी का आला हे कोणी सांगत नाही. तो प्रश्नातल्यासारखीच उडी मारून आलाय, वाक्याच्या सुरुवातीला नो सूनर, हार्डली, नेव्हर असा नकाराचा शब्द आणून ठेवला की इंग्रजी तशी उडी घेते. म्हणजे जे मूल नो सूनर डिड बिनचूक लिहितं त्याच मुलाला स्टँडवर "व्हेन डज द बस लीव्ह" विचारता येत नाही, दोन्हींची रचना एक असूनसुद्धा. अवघड वाक्य पाठ आणि सोपं वाक्य येत नाही, याला शिकणं कसं म्हणायचं?

व्हॉइसचंही तेच. अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करा, कर्म पुढे आणा, टू बीचं रूप लावा, व्ही थ्री लावा, बाय लावा, यंत्र फिरवल्यासारखी मुलं करत जातात. पण करायचं कशाला? आपण मराठीत "कुत्र्याला बिबट्याने मारलं" म्हणतो तेव्हा कुत्र्याबद्दल बोलत असतो, आमचा कुत्रा दिसत नाही दोन दिवस, अगं त्याला बिबट्याने मारलं. मराठीत नुसता शब्द उचलून पुढे ठेवला की भागतं. इंग्रजीत डॉग पुढे आणला तर तोच मारणारा ठरेल, म्हणून क्रियापदाचा सगळा साज बदलावा लागतो, द डॉग वॉज किल्ड बाय द लेपर्ड. पॅसिव्ह व्हॉइस हा कर्माला एक नंबरच्या सीटवर बसवायचा अधिकृत मार्ग आहे. मला नाही वाटत दहावीच्या शंभरातल्या पाच मुलांना हे कोणी कधी सांगितलं असेल.

एक छोटी पण रोजची गोष्ट, "च". मीच त्याला पैसे दिले, मी त्यालाच पैसे दिले, मी त्याला पैसेच दिले. आपण च उचलतो आणि ज्याला चिकटवायचा त्याला चिकटवतो. इंग्रजीत ओन्ली ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या शेजारी उभा करावा लागतो, ओन्ली आय गेव्ह हिम द मनी, आय गेव्ह द मनी ओन्ली टू हिम, आय गेव्ह हिम ओन्ली मनी. आपण सवयीने तो शेवटी टाकतो, ही केम ऑन मंडे ओन्ली, आय अ‍ॅम इन सातारा ओन्ली. आपल्या आपल्यात कळतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण अर्जात, कोर्टाच्या कागदात, कंपनीच्या मेलमध्ये ओन्लीची जागा चुकली तर अर्थ खरंच बदलतो. एका कॉलेजच्या बोर्डावर मी नोटीस वाचली होती, फी भरलेल्या विद्यार्थ्यांनी हॉल तिकिटं ऑफिसातून घ्यावीत असं सांगायचं होतं आणि इंग्रजीत "हू हॅव पेड द फीज" हा तुकडा वाक्याच्या शेवटी, ऑफिसच्या पुढे जाऊन बसला होता. वाचणारी मुलं अंदाजाने समजून घेतात. पण ज्या कागदावर पैसे किंवा जमीन अवलंबून आहे तिथे अंदाज चालत नाही.

मग आपण परीक्षेत हे कसं तपासतो? शब्द उलटसुलट देऊन वाक्य जुळवा, असा प्रश्न. कल्पना वाईट नाही. पण आमच्याकडे येणाऱ्या सरावपेपरांत कितीदा तरी पहिल्या शब्दाचं अक्षर कॅपिटल तसंच राहिलेलं असतं आणि शेवटच्या शब्दाला पूर्णविराम चिकटलेला असतो, मुलं आधी ती दोन टोकं पकडतात आणि मधलं अंदाजपंचे भरतात. पुढे हीच मुलं स्पर्धा परीक्षेला बसतात, स्टाफ सिलेक्शनला वाक्याचे तुकडे पी क्यू आर एस करून क्रम लावायला देतात, खाली चार पर्याय. क्लासमध्ये शिकवतात की आधी कुठले दोन तुकडे एकमेकांना चिकटतात ते बघ, ती जोडी ज्या पर्यायात नाही ते पर्याय उडव, उरलेल्यावर टिक कर. परीक्षेपुरतं ते बरोबर आहे, वेळ कमी असतो आणि मुलांच्या नोकरीचा प्रश्न आहे, मी क्लासवाल्यांना नावं ठेवत नाही. पण चारातला बरोबर क्रम ओळखणं आणि कोरा कागद समोर ठेवून स्वतःचं वाक्य उभं करणं ही दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि दहा वर्षं आपण फक्त पहिलंच काम करून घेतो. माझ्याकडे येऊन गेलेल्या एका मुलाला असल्या प्रश्नात जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क होते, नोकरी लागल्यावर साहेबांना रजेचा चार ओळींचा मेल लिहायचा होता तर त्याने मला फोन केला. हुशार मुलगा आहे, त्याचं काही चुकलेलं नाही.

खरं तर क्रम लावण्याचा अभ्यास आपल्या परंपरेत चांगला मुरलेला आहे. संस्कृतच्या तासाला श्लोकाचा अन्वय लावतात तो काय असतो, मोरोपंतांच्या आर्या वाचताना पंतोजी अन्वय विचारायचे तो काय होता? कर्ता शोध, क्रियापद शोध, विशेषण कोणाचं ते प्रत्ययावरून ओळख आणि गद्याच्या क्रमाने मांड. नेमकं हेच मराठी वाक्यावर करायचं आणि मग इंग्रजीच्या जागांवर बसवायचं. मी पाचवी-सहावीपासून करून घेते. मराठी वाक्य घ्यायचं, कोणी, काय केलं, कोणाला, काय, कुठे, केव्हा हे एकेक शब्दाखाली पेन्सिलने लिहायचं, नंतर इंग्रजी. सीमाच्या वहीच्या वाक्यात "कोणाला" हा सीमा. मग दोन रस्ते, एक तर ला च्या जागी टू आणायचा आणि मग सीमा शेवटी गेली तरी चालेल, सर गेव्ह ए नोटबुक टू सीमा. किंवा टू नको असेल तर सीमाला क्रियापदाला अगदी चिकटून बसवायचं, सर गेव्ह सीमा ए नोटबुक. खूण तरी हवी नाहीतर जागा तरी हवी. ज्या मुलीचं ते वाक्य होतं तिने हे ऐकल्यावर विचारलं की मग दोन्ही एकदम का नाही चालत, सर गेव्ह टू सीमा ए नोटबुक, आणि आम्ही त्यावर पुढचा अर्धा तास घालवला.

पण हे करायला वर्गात मराठी बोलावं लागतं आणि तिथेच अडचण आहे. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीच बोला, मराठीचा एक शब्द नको, हा आग्रह प्रशिक्षणात असतो, तपासणीला आलेल्या साहेबांचा असतो, पालकांचासुद्धा असतो. ऐकायला येण्यासाठी वर्गात भरपूर इंग्रजी हवं हे मला शंभर टक्के मान्य आहे, मी गोष्टी, सूचना, गप्पा सगळं इंग्रजीतच करते. शहरातल्या ज्या घरात आईवडील इंग्रजी बोलतात तिथल्या मुलाला क्रम कानावर पडून पडून येतो, त्याला कारण सांगायची गरज पडत नाही. आमच्या मुलांच्या कानावर तासाची पस्तीस-चाळीस मिनिटं सोडली तर इंग्रजी वाक्य पडत नाही, सुटे शब्द पडतात. नुसतं ऐकून क्रम बसायला तेवढं पुरत नाही. त्या मुलाकडे एक पूर्ण भाषा आधीच आहे, तिचं व्याकरण त्याला येतं, आणि तीच आपण वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायला सांगतो. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शाळाशाळांत कार्यक्रम झाले, आमच्याकडेही झाला. मग इंग्रजी शिकताना मराठीचा हात धरायला आपण का बिचकतो?

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. पाठ्यपुस्तक मंडळाने इंग्रजीच्या पुस्तकात, निदान पाचवी ते आठवी, दर दोन-तीन धड्यांमागे एक पान मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवणारं द्यावं, बाण काढून, कुठला प्रत्यय कुठल्या जागेत गेला हे दाखवून. परीक्षेत शब्द जुळवायचा एखादा प्रश्न कमी करून त्याजागी एक मराठी प्रसंग दोन ओळीत द्यावा आणि त्यावर मुलाने स्वतःची तीन इंग्रजी वाक्यं लिहावीत, स्पेलिंगचा मार्क न कापता फक्त क्रम तपासावा. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण वर्षातून एक दिवस तरी एकत्र व्हावं. आमच्या शाळेत मराठीच्या सरांनी आणि मी महिन्यातला एक शनिवार यासाठी ठेवलाय, ते फळ्याच्या डाव्या बाजूला वाक्य सोडवतात आणि मी उजव्या बाजूला, यासाठी कुठला जीआर लागला नाही आणि खर्चही नाही.

आणि आपल्या पेपरला एक विनंती. शिक्षणाच्या पानावर आठवड्यातून एकदा एक मराठी वाक्य आणि त्याचं इंग्रजी वाक्य, खाली चार ओळींत जागांची अदलाबदल कशी झाली ते, एवढा छोटा चौकोन छापता आला तर बघा. गावोगावच्या शाळांत पेपर येतो, फळ्याशेजारी कापून लावता येईल. मजकूर आम्ही शिक्षक आळीपाळीने लिहून पाठवू, मानधन नको. पहिली दहा वाक्यं मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडली आहेत.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा